आगटेसाहेबांनी नापास केलेली पिस्तुलं

आगटेसाहेब पिस्तूल हातात घेतलं की आधी त्याचा वास घेत. डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून, एखाद्या मावशीने लोणच्याची बरणी वर्षाने उघडून घ्यावा तसा. मग डोळे उघडून समोरच्या माणसाला शांतपणे विचारत, की यात स्वयंपाकघरातलं तेल कुणी घातलं? समोरचा माणूस बहुधा पोट सुटलेला, गमबूट घातलेला वेल्शमन असे. तो आधी चिडे, मग आठवून कबूल करी, की बायकोच्या कपाटातलं थोडं घातलं होतं खरं. साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, "हिस्टरी मिळाली. लिहून घे."

लिहून घेणारा मी. पिस्तूल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भलतंसलतं काही यायच्या आत सांगून टाकतो, की ही हवेवर चालणारी पिस्तुलं होती. आत एक स्प्रिंग, ती सुटली की ज्वारीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा निघतो आणि दहा पावलांवरच्या पुठ्ठ्याला भोक पडतं. साहेबांकडे पूर्वी नेमबाजीचं खरं पिस्तूल होतं, रीतसर परवान्याचं. पुढे इथे ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आली. तेव्हा साहेब कोट-टाय घालून पोलीस चौकीसमोरच्या रांगेत उभे राहिले, पिस्तूल जमा केलं आणि पावती घेऊन घरी आले. ती पावती त्यांनी फाइलला लावून ठेवली होती. त्यानंतर उरलं ते हे हवेचं पिस्तूल, घरामागच्या गॅरेजात, भिंतीवरच्या पुठ्ठ्यांवर झाडायला.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात साहेब हातांचे सर्जन होते. कारखान्यात बोटं चिरडलेली, दारूच्या भरात काचेत मूठ मारलेली, कुत्र्याने चावलेली अशी माणसं त्यांच्यापुढे येत आणि साहेब त्यांच्या शिरा, बोटं ओढणाऱ्या कंडरा केसाएवढ्या धाग्याने शिवत. मी भूलतज्ज्ञ. मी माणूस झोपवायचो, ते हात उघडायचे. मी कोल्हापूरचा, ते सांगलीचे, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना आम्ही मराठीत एकमेकांच्या गावाची निंदा करत असू आणि नर्सेसना वाटे की फार गंभीर चर्चा चालली आहे.

इथे सर्जन झाला की त्याचं डॉक्टरपण जातं आणि तो मिस्टर होतो. ही बढती समजतात. सांगलीच्या त्यांच्या थोरल्या वहिनींनी एकदा पाकिटावर 'मिस्टर आगटे' वाचलं आणि त्यांना वाटलं, भावोजींची डिग्री काढून घेतली. त्यांनी तडक दत्ताला नवस बोलला. साहेबांनी पुढच्या सुट्टीत जाऊन तो फेडला, कारण समजावून सांगण्यापेक्षा अभिषेक सोपा होता.

माणूस हट्टी, तिरसट आणि स्वतःच्या नियमांचा गुलाम. त्यातला एक नियम मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. निदान चुकलं, तर ज्याचं चुकलं त्याच्यापुढे स्वतः जाऊन उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. एकदा एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या मनगटातलं बारीक हाड मोडलेलं त्यांच्या नजरेतून सुटलं. हॉस्पिटलच्या वकिलाने बजावलं, की पत्र आम्ही लिहू, तुम्ही काही बोलू नका. साहेब त्याच दुपारी गाडी काढून डोंगरातल्या त्या गावी गेले, दार वाजवलं आणि म्हणाले की चूक माझी आहे, तुमचं हाड मोडलेलं होतं. म्हाताऱ्याने त्यांना घरात घेऊन केक खायला घातला. वकील आठवडाभर जेवला नाही म्हणतात.

सुमनताई, म्हणजे साहेबांची पत्नी, होत्या तोवर रविवारी सकाळी दोघं मिळून 'कार बूट सेल'ला जात. एखाद्या शेतात लोक आपापल्या गाड्या ओळीने लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ मांडून विकायला बसतात, तो हा बाजार. ताई कपबश्या बघत, साहेब पिस्तुलं. ताई गेल्या आणि त्यांच्या जागेवर गाडीत मी बसू लागलो. माझी बायको तेव्हा व्हिसाची वाट बघत कोल्हापुरात होती. रविवार ओस पडायचा. आणि साहेब परत आल्यावर पिठलं-भात करत, तो खरोखर चांगला असे.

त्यांना नवं पिस्तूल हवं होतं, कारण जुनं बिघडलं होतं. गॅरेजातल्या भिंतीवर जुने पुठ्ठे होते, त्यांच्या मधोमध एकच मोठं भोक, सगळे छर्रे त्यातूनच गेलेले. गेल्या वर्षभरातल्या पुठ्ठ्यांवर मात्र भोकं देवीच्या वणांसारखी सगळीकडे. साहेबांनी स्प्रिंग बदलली, नळीचा सांधा घट्ट केला, शेवटी पिस्तूल मोडीत काढलं. दुकानात जाऊन नवं आणा म्हटलं, तर म्हणाले, नवं काय, कुणीही घेईल. वीस-पंचवीस पौंडांच्या जुन्या डबड्यातून चांगलं निवडायचं, त्याला नजर लागते.

ती नजर त्यांच्याकडे होती, हे मान्य करायलाच हवं. वास झाला की ते खिशातून भिंग काढून स्क्रू बघत. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या दिसल्या, तर कुणी अडाण्याने ते उघडलेलं असणार. "पेशंट खोटं बोलेल, स्क्रू बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. नळीच्या टोकाचा निळसर काळा मुलामा झिजलेला असला तर त्यांना आवडे. ती वापरण्याची झीज, प्रामाणिक. मुलामा नवाकोरा चकाकत असला तर ते मान हलवत आणि म्हणत की म्हातारीने केस रंगवलेत. मग नळी हलवून सांधा बघायचा. आणि विक्रेत्याने दाखवायला म्हणून छर्रा न घालता रिकामंच पिस्तूल उडवलं, की साहेब कळवळत. रिकामं उडवलं की आतला दट्ट्या लोखंडावर आपटतो. "कानाखाली मारलीन त्याच्या," म्हणत.

शेवटची परीक्षा तोलाची. पाय किंचित फाकवून, डावा हात कोटाच्या खिशात घालून, ते उजवा हात सरळ लांब करत आणि पिस्तूल जमिनीच्या दिशेने धरून, टोकावरच्या माशीकडे, म्हणजे नेम धरायच्या खुंटीकडे, एक डोळा मिटून बघत राहत. चार-पाच सेकंदांनी हात खाली येई.

"तोल नाही. लिही. प्रोग्नोसिस वाईट."

मी वहीत लिही. एका पानावर एक पिस्तूल, वर विक्रेत्याचं नाव, खाली वास, स्क्रू, मुलामा, सांधा, तोल. एका वसंतात सात पिस्तुलं झाली. बाकी रकान्यांत काही ना काही बरं असे. तोलाच्या रकान्यात सातही नापास. शेतातल्या लोकांनी आम्हाला ओळखायला सुरुवात केली होती. आम्ही दिसलो की एक जण आपलं पिस्तूल टोस्टरखाली लपवी.

सातवं पिस्तूल ग्वेनबाईंचं. सत्तरीच्या, कृश, डोक्यावर प्लास्टिकचा पाऊसरुमाल. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ते आणलं होतं. नवऱ्याचं होतं, तो हिवाळ्यात गेला. साहेबांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. शिवणयंत्राचं तेल, अगदी थेंबभर. स्क्रूच्या खाचा कोऱ्या. मुलामा टोकाला झिजलेला, बाकी निळाशार. सांधा पक्का. इतकं चांगलं पिस्तूल त्या शेतात मी पाहिलं नव्हतं आणि मला वाटलं, सुटलो, आता पुढच्या रविवारी झोपता येईल. मग साहेबांनी हात लांब केला.

"तोल नाही," ते म्हणाले. आणि बाईंना इंग्रजीतही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, की नवरा, ब्रिन, तीस वर्षं यानेच नेम मारायचा आणि दर रविवारी पुसून ठेवायचा. साहेब म्हणाले, की पुसल्याने तोल येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी साहेबांकडे जरा वेळ पाहिलं आणि फडकं उचललं.

साहेब वही मागून घेऊन स्वतः शेरा लिहू लागले. बाईंचं मन राखावं म्हणून मी ते पिस्तूल उचललं, दोन शब्द कौतुकाचे बोलावेत म्हणून हात लांब केला आणि त्यांच्यासारखाच माशीकडे बघितलं. मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही. पण पिस्तुलाचं टोक जागच्या जागी होतं. भिंतीतल्या खिळ्यासारखं.

तेव्हा मी मान वळवून साहेबांचा उजवा हात पाहिला. वही डाव्या हातात, पेन उजव्यात, आणि पेनाचं टोक कागदाला टेकायच्या आधी क्षणभर हवेत थरथरत होतं.

हात सरळ लांब करा, बोटं पसरा, तसेच ठेवा. कंप बघायची ही आमची अगदी पहिली तपासणी. विद्यार्थ्यालाही येते. साहेब दर रविवारी शेतात उभं राहून स्वतःवर ती करत होते आणि निकाल पिस्तुलाच्या नावावर लिहीत होते. ऑपरेशन करताना मनगट टेबलावर टेकलेलं असतं, तिथे काही दिसत नाही. पिस्तूल धरलेल्या हाताला कशाचाच टेकू नाही. आणि मला एकेक गोष्ट आठवायला लागली. साहेब वर्षभरापासून कँटीनमध्ये अर्धाच कप चहा घेत. पूर्ण भरला तर परत करत. मी तो सांगलीचा चिकटपणा समजून सगळ्यांना रंगवून सांगितला होता.

आता माझं काम उघड होतं. सांगायचं. हा माणूस आठवड्यातून तीन दिवस लोकांच्या हातांतल्या नसा शिवत होता. कंप वाढला तर कुणाचं तरी बोट कायमचं बधिर होणार. आणि सांगितलं, तर त्या दिवसापासून त्यांच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं जाणार. घरी ताई नाहीत, मुलगी दूर मेडनहेड गावी, तिला आठवड्याला एक फोन. त्यांच्याकडे ऑपरेशन थिएटर सोडून दुसरं काही नव्हतं. मी हे सगळं तोलत बसलो आणि सहा रविवार घालवले. त्या रविवारांत शेतात नवं पिस्तूल एकही आलं नाही. मला स्वतःची अजून लाज वाटते. दर ऑपरेशनला मी माणूस झोपवून, उशापाशी बसून, मॉनिटरऐवजी साहेबांच्या बोटांकडे बघत असे. बोटं ठीक असत, आणि मी स्वतःला म्हणे, पुढच्या आठवड्यात बोलू. एकदा ठरवून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पिठलं वाढलं. मी पावसावर बोललो, कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांवर बोललो आणि भात मागून घेऊन परत आलो.

मग एका गुरुवारी, एका सुताराच्या अंगठ्याची कंडरा शिवताना, साहेबांनी डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं. एकच टाका. तो नीट बसला. पण त्या दिवशी त्यांनी कोल्हापूरची निंदा केली नाही, आणि मला कळलं की आता त्यांनाही दिसलं आहे.

त्या रविवारी पाऊस भुरभुरत होता. अर्धं शेत रिकामं. एका माणसाकडे एक पिस्तूल होतं, अगदीच सुमार, मुठीला चिकटपट्टी लावलेली. साहेबांनी ना वास घेतला, ना भिंग काढलं. थेट हात लांब केला. टोक हलत होतं, मला चार पावलांवरून दिसत होतं. मग ते पिस्तूल त्यांनी माझ्याकडे दिलं.

"धर. हात लांब कर."

मी धरलं. ते वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळून टोकाकडे बघत राहिले. माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की आपला हात हलावा. मी हलवायचा प्रयत्नही केला. पण खोटा हललेला हात त्यांना कळणार नाही होय? त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून तो खाली घेतला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ग्वेनबाईंच्या दिवसापासून," मी म्हणालो.

"आणि बोलला नाहीस."

"नाही, साहेब."

मला वाटलं, आता फाडून खातील. ते म्हणाले, "मीही कुठे बोललो?" आणि चिकटपट्टीवाल्याला मानेनेच नमस्कार करून गाडीकडे चालू लागले. परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. ते काचेवरच्या वायपरकडे बघत होते. एकदा फक्त म्हणाले, की सुमन असती तर तिने वर्षापूर्वीच सांगितलं असतं, बशीवर कप वाजायच्या आवाजावरून. मी रडलो नाही, पण रस्ता नीट दिसेना.

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः वरिष्ठांना जाऊन सांगितलं आणि त्या आठवड्याची सगळी ऑपरेशनं दुसऱ्या सर्जनकडे दिली. तपासण्या झाल्या. जीवाला धोका नाही, पण शस्त्रक्रिया बंद, ती कायमची. सुताराला त्यांनी स्वतः बोलावून घेतलं, अंगठा दहादा वाकवून घेतला आणि सगळं सांगितलं. अंगठा सुरेख चालत होता. सुतार म्हणाला, मग काय बिघडलं? साहेबांनी त्याला काय बिघडलं असतं ते सांगितलं.

मला वाटलं, आता रविवार संपले. तर शनिवारी फोन. "वही आणतोस ना?"

वहीत सात पानं होती आणि सातही निदानं चुकलेली होती. नियम म्हणजे नियम. आम्ही त्या शेतात गाड्यांच्या ओळींतून फिरलो. वय पासष्टीच्या घरात, हॅट, कोट, खिशात भिंग, आणि हे गृहस्थ एकेका अडगळीपुढे उभे राहून सांगताहेत की आपल्या पिस्तुलाबद्दल मी चुकीचं मत दिलं होतं. टोस्टरवाल्याला वाटलं, ही भाव पाडायची नवी युक्ती. त्याने दहा पौंड वाढवून सांगितले. साहेब म्हणाले, योग्य आहे. दोघांची पिस्तुलं विकली गेली होती, एकाला आमची आठवणच नव्हती, तरी साहेबांनी त्याला सगळं ऐकवलं. आता ते माझ्याकडून वही घेत नसत. मला म्हणत, तू लिही, तुझं अक्षर सुधारायला हवं. मी 'तोल' पुढचा शेरा खोडून 'उत्तम' लिही.

ग्वेनबाई सगळ्यात शेवटच्या ओळीत होत्या. टेबलावर काचसामान, जुन्या चादरी. पिस्तूल नव्हतं. बिस्किटांचा डबा खाली, पायाशी होता. साहेबांनी हॅट काढली. पाऊस त्यांच्या टकलावर पडत होता.

"मॅडम, तुमच्या नवऱ्याचं पिस्तूल अप्रतिम आहे," ते म्हणाले. "तोल उत्तम आहे. त्यांनी फार नीट सांभाळलं होतं. हलतो तो माझा हात."

बाईंनी चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "माहीत आहे. त्याच दिवशी दिसलं मला. ब्रिनचा शेवटची चार वर्षं असाच हलत होता." आणि म्हणाल्या, की तोही पिस्तुलालाच शिव्या द्यायचा.

बाईंनी डिकीतली दुसरी घडीची खुर्ची काढून उघडली आणि पुसली. ती ब्रिनची असावी, तिच्या पाठीवर इंग्रजी बी अक्षर रंगवलेलं होतं. साहेब तिच्यात बसले. मी वहीचं सातवं पान उघडून, पावसाचे थेंब हाताने झाकत, शेरा खोडला.

बाईंनी फ्लास्क उघडून चहा ओतायला घेतला. कुणी काही सांगायच्या आतच त्यांनी कप अर्धा भरला आणि फ्लास्क खाली ठेवला. मग तो कप त्यांनी साहेबांच्या दोन्ही हातांत दिला आणि त्यांची बोटं त्याभोवती नीट बसेपर्यंत आपला हात काढला नाही.